मालन गमरेच्या दुकानाचा मेन स्विच

सांगा बघू, तुमच्या धंद्याचा मेन स्विच कुणाच्या हातात आहे?

हसू नका, सांगा. दुकान तुमचं, पाटी तुमची, घाम तुमचा, सगळं मान्य. पण जो खाली पडला की सगळा कारभार काळोखात जातो, तो खटका कुठे आहे हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? नायगावच्या बीडीडी चाळीतल्या मालन गमरेनेही कधी नीट पाहिलं नव्हतं. तिच्या खोलीत दारामागे, कॅलेंडरच्या वर, हाताला सहज लागेल असा तो होता. आणि ऐन सहा डिसेंबरला तिच्या सासऱ्याने तो खाली पाडला.

मालनची आई शिवाजी पार्कच्या कडेला चादर अंथरून पुस्तकं विकायची. सहा डिसेंबर आला की चादर, चौदा एप्रिल आला की चादर. बाकीचं वर्ष परळच्या हॉस्पिटलात आयाची नोकरी. मालन त्या चादरीच्या कोपऱ्यावर बसून अक्षरं ओळखायला शिकली. दहावीनंतर काळाचौकीला बाइंडिंगच्या कामाला लागली. कागद दुमडायचे, शिवायचे, खळ लावायची. अजूनही नवं पुस्तक हातात आलं की ती आधी पाठीवर अंगठा दाबते, मग नाव वाचते. लग्न होऊन नायगावात आली, नवरा दीपक बेस्टचा ड्रायव्हर. दोघांनी मिळून 'उजेड पुस्तकघर' काढलं. घर तेच, दुकान तेच. पलंगाखाली पुस्तकं, कपाटावर पुस्तकं, आणि पाहुणा आला की त्याला बसायला पुस्तकांचाच गठ्ठा.

तिच्याकडे काय मिळतं? मोठ्या दुकानात मागच्या फळीवरही ज्यांना जागा नाही, ती पुस्तकं. खेड्यातल्या मास्तरांनी स्वतःच्या पगारातून छापलेली. जलशातल्या गाण्यांची, वंदनेची, बायांनी लिहिलेल्या आठवणींची. चिपळूण, महाड, वाशीम, परभणी, कुठल्या कुठल्या गावच्या विहारांतून मागणी यायची. जयंतीला पोरांना बक्षीस द्यायला संचच्या संच जायचे. चाळीच्या खालच्या मजल्यावरची मेघना लोअर परळला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. तिने मालनकाकीला वेबसाइट करून दिली आणि ती चालवायला एक जुना कॉम्प्युटर पोटमाळ्यावर, गाद्यांच्या शेजारी बसवला. गावचा माणूस मोबाइलवर दुकान उघडायचा तेव्हा खरं तर तो गमऱ्यांच्या माळ्यावर यायचा. रोज चार माणसं येत, चार संच जात. ते यंत्र बिचारं अर्धा दिवस डुलक्या काढायचं.

आता सहा डिसेंबरचं ऐका.

या चाळीत एक रिवाज आहे. फार वर्षांपूर्वी सगळं कुटुंब चैत्यभूमीला गेलेलं असताना तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत वायर जळली आणि आग लागली. तेव्हापासून घरातली सगळी माणसं बाहेर पडली की शेवटच्याने मेन खाली करायचा. आणि त्याआधी दारात उभं राहून हाक द्यायची, "आत कोण हाय का?" कारण एकदा कुणाची तरी म्हातारी मोरीत असतानाच अंधार झाला होता. मालनचा सासरा कोंडीराम हे काम नुसतं स्वतःच्या घरापुरतं करत नसे, अख्ख्या मजल्याचं करायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस. ठिणगी दिसली की आधी खटका, मग चौकशी.

त्या वर्षी मालनने हुशारी केली होती. दादरला स्टॉलवर येणाऱ्यांना एक पत्रक द्यायचं, त्यावर मोबाइलने टिपायचा क्यूआर कोडचा चौकोन. 'ओझं वाहू नका, चौकोन टिपा, पुस्तक घरी येईल.' पत्रकं हातोहात गेली. लोकांनी गाडीत बसून चौकोन टिपले, मुक्कामाच्या मंडपात टिपले. आणि इकडे कोंडीरामने खोलीतून शेवटी निघताना हाक दिली, "आत कोण हाय का?" कुणी ओ दिली नाही. त्याने मेन खाली केला, कुलूप लावलं आणि गर्दीत मिसळला.

माळ्यावरचं यंत्र थोडा वेळ बॅटरीवर तगलं. मग विझलं.

शिवाजी पार्कात त्या दिवशी कुणाच्या फोनला रेंज असते? मालनला काही कळलंच नाही. ती खुशीत होती. संध्याकाळी घरी आली, मेन वर केला, आणि फोनला रेंज मिळाली तशी निरोपांची रांग लागली. 'ताई, दुकान बंद केलंत का?' 'लिंक खोटी आहे.' 'पैसे घेऊन पळणारे असेच.' चिपळूणच्या विहाराने सभ्यपणे कळवलं होतं की आम्ही दुसरीकडून मागवतो, राग मानू नये.

मालनचं डोकं तापलं की तिला समोर कोण आहे दिसत नाही. ती कोंडीरामला म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं दुकान विझवलंत."

 त्या दिवसापासून कोंडीरामने खटक्याला हात लावायचं सोडलं. घरातून निघताना तो दारात थांबायचा, हात पाठीमागे बांधून स्विचकडे बघायचा आणि दीपकला म्हणायचा, "तू बघ रे." मजल्यावरची माणसं विचारायची, "काय कोंडीरामभाऊ, रिटायर झालात काय?" 

जानेवारीत एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचा माणूस आला. गोड बोलणारा. तुमची साइट बंद करा, पुस्तकं आमच्याकडे लावा, गिऱ्हाईक आम्ही सांभाळतो, तुम्ही फक्त गठ्ठे बांधा. गिऱ्हाईक त्यांचं, कमिशन त्यांचं, आणि कुठलं पुस्तक वर दिसणार आणि कुठलं तळाला सडणार हेही त्यांनीच ठरवायचं. मास्तरांची पुस्तकं कुठे गेली असती हे सांगायला ज्योतिषी नको. मालनने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. पण जिन्यात तो हसून म्हणाला, "तुमची साइट गर्दीत टिकत नाही असं ऐकलं." झालं! मालनने चारचौघांत, चाळीच्या कठड्याला टेकून जाहीर केलं: "चौदा एप्रिलला साइट पडली तर मी स्वतः येऊन सही करीन. नाही पडली तर परत हा जिना चढायचा नाही!"

दीपक म्हणाला, "बोलायच्या आधी इंडिकेटर देत जा ना जरा. मागून येणाऱ्याला कळत नाही."

पण बोललेलं परत घेईल तर ती मालन कसली. आता प्रश्न एकच होता, गर्दीच्या दिवशी दुकान उभं कसं ठेवायचं? मेन चालू ठेवला तरी माळ्यावरचं जुनं यंत्र एवढी गर्दी पेलणारं नव्हतं. जो तो एकच मंत्र देई: क्लाउडवर जा. क्लाउड म्हणजे आभाळ-बिभाळ काही नाही हो. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या विजेवर चालणारा कॉम्प्युटर. तुम्ही भाडं भरायचं आणि वापरायचा. नाव आभाळाचं, बिल जमिनीवरचं.

असलं भाड्याचं यंत्र विकणारा पुष्कर नावाचा तरुण चाळीत आला. इस्त्रीचा शर्ट, पुणेरी मराठी, मांडीवर लॅपटॉप. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर अवघडून बसला.

"मॅडम, तुमच्या व्यवसायाची वाढ पाहता तुम्हाला आमचा सर्वांत मोठा वार्षिक प्लॅनच योग्य ठरेल."

"माझी वाढ कुठे बघितलीत? जिना चढताना?"

"म्हणजे संभाव्य वाढ. शिवाय ही इमारत जुनी. आज ना उद्या ही पाडली की तुम्हाला ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या खोलीत जावं लागेल. तेव्हा हा माळ्यावरचा कॉम्प्युटर कुठे नेणार?"

हे मात्र खरं होतं. समोरच्या चाळी पाडून तिथे टॉवरचे पत्रे लागले होते, आणि आपली पाळी कधी हे कुणी धड सांगत नव्हतं. मालन जरा नरम आली. तिने आकडा विचारला. पुष्करने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. दीपकला ठसका लागला.

"सुरक्षिततेला किंमत नसते, मॅडम."

"मग फुकट द्या की."

पुष्कर कसनुसं हसला. मालनने पुढे विचारलं, "हा तुमचा मोठा कॉम्प्युटर जूनमध्ये काय करणार? जूनमध्ये लोक वह्या घेतात, छत्र्या घेतात. माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही."

"तो सुरूच राहील. स्टँडबाय."

"म्हणजे रिकामा."

"तांत्रिक भाषेत तसं म्हणत नाहीत."

"आमच्या भाषेत म्हणतात."

पुष्कर वाईट माणूस नव्हता. त्याला जे विकायला दिलं होतं तेच तो विकत होता. तो गेला, पण मालनला झोप लागेना. घेतला तर वर्षाची सगळी कमाई त्या रिकाम्या यंत्राच्या घशात. नाही घेतला तर चौदा एप्रिल.

मार्चअखेरीस ती जयंतीच्या स्टॉलचं सांगायला गंगाधर मंडपवाल्याकडे गेली. गंगाधरच्या दुकानात बांबू, ताडपत्र्या, लोखंडी टेबलं, आणि मधोमध स्टुलावर गंगाधर. त्याने मान वर न करताच विचारलं, "किती दिवस?"

"तीन."

"टेबलं?"

"दोन. गर्दी झाली तर तिसरं लागेल."

"फोन कर, पाठवतो. वापरलंस तर भाडं, नाही तर नाही. पण पंधराला संध्याकाळी सगळं परत पायजे. टेबल तुझ्याकडे राहिलं की भाडं चालू. मग त्यावर पुस्तक ठेव नायतर मांजर झोपव, मला काय."

मालन जागच्या जागी उभी राहिली. तिच्या आईने आयुष्यभर शिवाजी पार्कात धंदा केला, पण पार्क काही वर्षभराच्या भाड्याने घेतलं नव्हतं. चादर पसरली, विकलं, चादर गुंडाळली. एवढी साधी गोष्ट आपल्या रक्तात असताना आपण त्या लॅपटॉपसमोर का घाबरलो?

घरी न जाता ती थेट खालच्या मजल्यावर गेली. मेघना नुकतीच ऑफिसातून आली होती, हातात चहाचा कप.

"मेघना, तो भाड्याचा कॉम्प्युटर तीन दिवसांसाठी मिळतो का गं?"

"मिळतो ना काकी. तीन दिवस काय, तासावर पण मिळतो. गर्दी वाढली की मोठा करायचा, ओसरली की सोडायचा."

"मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

"भीती," मेघना म्हणाली. "आमच्या ऑफिसात असंच एक मशीन चार दिवसांसाठी घेतलं. काम झालं, सगळे विसरले. ते आपलं चालूच. बिल आलं तेव्हा बॉसचा चेहरा बघण्यासारखा होता. काकी, घेणं सोपं आहे गं. बंद करायची आठवण कुणालाच राहत नाही. आणि दुसरी बाजू म्हणजे, घाईने बंद केलं आणि आतल्या ऑर्डरी घरच्या मशीनवर आणायच्या राहिल्या, तर त्या गेल्याच. आणि तुझा स्वभाव..."

"काय माझा स्वभाव?"

"काही नाही. चहा घेतेस?"

दोघी बसल्या. मेघनाने गेल्या वर्षाची ये-जा मोबाइलवर दाखवली. सरळ लादीसारखी सपाट रेघ, आणि तिच्यावर दोनच सुळके.  मालनने तिथेच ठरवलं. रोजचं दुकान आहे तिथेच, माळ्यावर; चाळ उभी आहे तोवर ते पुरे. हिशेबाची आणि ऑर्डरींची एक नक्कल मात्र रोज बाहेर ठेवायची. गर्दीच्या दिवसांपुरतं सगळं दुकान भाड्याच्या यंत्रावर न्यायचं आणि गर्दी सरली की मंडप सोडायचा. ट्रान्झिटला जायची वेळ आली, तिथल्या खोलीत इंटरनेटची वायर खेचणं महाग पडायला लागलं, की रोजच्यासाठीही एक छोटं यंत्र भाड्याने बघायचं. तेव्हाचं तेव्हा. उद्याच्या टॉवरचं भाडं आज कशाला भरायचं?

"पण बंद कोण करणार?" मेघनाने विचारलं. "मला त्या दिवशी ऑफिस आलं तर? तू गठ्ठ्यांत. दीपककाका बसवर."

मालन तडक वर आली. कोंडीराम खिडकीपाशी बसला होता.

"बाबा, एक काम आहे. एक मेन बंद करायचाय."

कोंडीरामने तिच्याकडे बघितलं, मग दारामागच्या खटक्याकडे. "चेष्टा करतेस काय गो पोरी?"

"चेष्टा नाही. तीन दिवसांसाठी भाड्याचं मशीन घेतोय. संपलं की बंद करायचं. विसरलो तर भाडं चढत राहणार. या घरात न विसरणारा माणूस एकच आहे."

"माज्या हातानं एकदा विझलंय तुजं दुकान."

"म्हणूनच सांगते."

माफी मागणं मालनच्या स्वभावात नाही. ती काम देते. कोंडीरामला गिरणीपासून हीच भाषा ठाऊक होती. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "खटका कसा दिसतो तो, दाखव."

एप्रिलच्या बाराला संध्याकाळी मेघनाने दुकान हलवलं. दुकानाचा नवा पत्ता सगळ्यांच्या मोबाइलपर्यंत पोचायला दिवसभर लागतो, म्हणून आधीच. तेराला मालनने महाड, वाशीम, चिपळूण सगळीकडे फोन केले: "एकदा उघडून बघा हो, आणि काही अडलं तर मला शिव्या घाला, दुसरीकडे जाऊ नका." चिपळूणच्या विहारातल्या बाई म्हणाल्या, "बघू या." त्या 'बघू या'त काय होतं ते मालनलाच कळलं.

चौदाची सकाळ. नायगाव निळं झालेलं. नाक्यावर खिरीची पातेली, ढोलांचा दणदणाट, कोऱ्या पांढऱ्या साड्या. मालन नाक्यावरच्या स्टॉलवर, कानाला फोन. गावोगावच्या विहारांत वंदना संपली आणि त्याच सुमाराला सगळ्यांनी मोबाइल उघडले. दुकान चालत होतं. मग रांगायला लागलं. कुणीतरी कळवलं, 'ताई, गोल गोल फिरतंय.'  मालनला कठड्यावरचं स्वतःचं बोलणं आठवलं. तिने चाळीत बसलेल्या मेघनाला फोन लावला.

"मेघना! तिसरं टेबल!"

"काय?"

"अगं मोठं कर ते!"

"करतेच आहे, ओरडू नकोस."

मालन फोन कानाला घट्ट दाबून उभी. समोर एक गिऱ्हाईक पुस्तकाची किंमत विचारतंय, तिला ऐकूच येत नाहीये. मग फोन टिंग करून वाजला. परत टिंग. मग टिंगटिंग थांबेचना. त्यात एक निरोप चिपळूणचा होता: 'पूर्ण संच मागवला. जय भीम.' मालनने त्या गिऱ्हाइकाला पुस्तक फुकट देऊन टाकलं. दीपक संध्याकाळी म्हणाला, "एवढ्या आनंदात दुकान चालवलंस तर बुडेल हां."

दुकान पडलं नाही. दिवसभर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कंपनीचा तो माणूस परत जिना चढला नाही.

पंधराच्या संध्याकाळी गंगाधरचा टेम्पो आला, टेबलं गेली, ताडपत्री गेली. कोंडीराम फुटपाथवर उभा राहून सगळं मोजून देत होता. टेम्पो हलला तसा तो मालनला म्हणाला, "आता ते दुसरं."

खोलीत सगळे जमले. मेघनाने लॅपटॉप उघडला. "आजोबा, सगळं घरच्या मशीनवर आणलंय. पत्ता परत फिरवलाय. हे बटण दाबा, झालं."

कोंडीराम उभा राहिला, वंदनेला राहतो तसा ताठ. बोट पुढे केलं आणि थांबला.

"आत कोण हाय का?"

सगळे हसले. दीपक तर पलंगावर आडवाच झाला. कोंडीराम हसला नाही.

"इचारतोय. आत कोण हाय का?"

मेघना हसत हसत म्हणाली, "नाही आजोबा, दुपारीच सगळं..." आणि तिचं हसू थांबलं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. दुपारनंतरही काही मोबाइल जुन्याच पत्त्यावर आले होते. काही ऑर्डरी अजून त्या भाड्याच्या यंत्रातच बसल्या होत्या. त्यातली एक वाशीमच्या एका बाईची होती. एकच पुस्तक, आठवणींचं, आणि खाली लिहिलेलं: 'आईसाठी, मोठ्या अक्षरात असेल तर बरं.'

मेघनाने त्या सगळ्या घरी आणल्या. सकाळपर्यंत थांबलो तर जुन्या पत्त्याच्या वाटेवर कुणी उरणार नाही, म्हणाली. म्हणून खटका दुसऱ्या दिवसावर गेला. एका दिवसाचं भाडं जास्त पडलं, मालनने हूं की चूं केलं नाही. सोळाला कोंडीराम सकाळीच आंघोळ करून तयार. परत विचारलं, "आत कोण हाय का?" या वेळी कुणी हसलं नाही. मेघनाने नीट बघितलं.

"नाही आजोबा. आता कोणी नाही."

त्याने बटण दाबलं. मग लॅपटॉपकडे पाठ करून चपला घातल्या, कारण मजल्यावरच्या जाईबाईंचं कुटुंब गावी निघालं होतं आणि त्यांचा मेन कुणीतरी बघायला हवा होता.

सहा डिसेंबरला मालन परत मंडप घालणार आहे. शिवाजी पार्कातही आणि त्या भाड्याच्या यंत्रावरही. ती गर्दीला आता भीत नाही. पण वर्ष काही दोन दिवसांचं नसतं. मधे लादीसारखी सपाट रेघ आहे, आणि माळ्यावरचं ते यंत्र आणि मास्तरांची ती पुस्तकं त्या सपाट रेघेवरच जगतात. तुमच्या वस्तीत, तुमच्या ओळखीत अशी एखादी मालन असेलच. जयंतीला तिच्या दारात सगळेच जातात. तुम्ही आज जा. आज काही नाही, सण नाही, सुट्टी नाही. म्हणूनच आज तिचं दुकान उघडा आणि एक पुस्तक मागवा.